पाइप-रॅकच्या चौदा खांबांचे गंजरोधन: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

समुद्रालगतच्या पाइप-रॅकचे (पाइप पेलणाऱ्या पोलादी सांगाड्याचे) १४ जुने खांब जागेवरच राहणार असून त्यांच्यावरच्या तुळया आणि तिरपे ब्रेसिंग नवे येणार आहे. नव्या पोलादाची सफाई आणि पहिले दोन थर कार्यशाळेत होतील. खांबांचे सगळे काम मात्र उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात करावे लागेल. एकाच सांगाड्यावर ही दोन वेगळ्या जातीची कामे आहेत आणि कागदावर दोन्हींना एकच विनिर्देश लागू आहे, हे आरंभीच लिहून ठेवतो.

विनिर्देश आयएसओ १२९४४ या मानकावर बेतलेला आहे. वातावरणाचा वर्ग सी ५ (अतिशय गंजकारक हवा) धरला आहे. या वर्गात उघड्या साध्या पोलादाची झीज पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) होते. तेच पोलाद सी ३ वर्गाच्या हवेत असते, तर झीज २५ ते ५० मायक्रॉन झाली असती. लेपाच्या टिकाऊपणाची अपेक्षा 'उच्च' या वर्गाची, म्हणजे १५ ते २५ वर्षांची आहे. आजच्या बैठकीत मालकाच्या प्रतिनिधींनी हा आकडा हमीचा काळ म्हणून वाचला. तो तसा नाही, हे मानकातच स्पष्ट लिहिलेले आहे: पहिली मोठी दुरुस्ती साधारण केव्हा काढावी लागेल याचा तो नियोजनासाठी केलेला अंदाज असतो आणि हमीचा काळ त्याहून पुष्कळ कमी असू शकतो. हे वाक्य इतिवृत्तात घालून घेतले, कारण पाच-सात वर्षांनी या आकड्यावरून वाद होतात आणि तेव्हा बैठकीला असलेले कोणीही जागेवर नसते.

लेपव्यवस्था तीन थरांची आहे. आधी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर ६० मायक्रॉन, त्यावर अभ्रकासारख्या चपट्या लोहऑक्साइड कणांचा इपॉक्सी थर १४० मायक्रॉन आणि शेवटी पॉलियुरेथेनचा थर ६० मायक्रॉन, असे एकूण २६० मायक्रॉन. प्रायमरच्या डब्यावर नुसते 'झिंक' लिहिलेले असून भागत नाही. न उडणाऱ्या घन भागात वजनाने निदान ८० टक्के जस्त असेल, तरच हे मानक त्याला जस्तयुक्त म्हणते. पुरवठादाराकडून तेवढ्या एका ओळीचे लेखी प्रमाणपत्र मागवले आहे.

५ नोव्हेंबर

आज सर्व खांबांची प्राथमिक पाहणी केली. आयएसओ ८५०१-१ मध्ये पोलादाच्या मूळ अवस्थेचे चार दर्जे आहेत. 'ए' म्हणजे मिल स्केल (गरम लाटणीत पोलादावर बसलेला ऑक्साइडचा थर) घट्ट चिकटून असलेले आणि गंज जवळजवळ नसलेले पोलाद. 'बी' म्हणजे गंजाला सुरुवात होऊन स्केल सुटू लागलेले. 'सी' म्हणजे स्केल गंजून गेलेले, पण डोळ्यांना खड्डे अगदी थोडे दिसणारे. आणि 'डी' म्हणजे सर्वत्र खड्डे पडलेले. चौदापैकी नऊ खांब 'सी' दर्जाचे ठरले. उरलेले पाच (क्रमांक ३, ४, ९, १०, ११) खालच्या दीड मीटरमध्ये निःसंशय 'डी' आहेत. हे पाचही समुद्राच्या बाजूच्या ओळीत आहेत, त्यामुळे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

खांब क्रमांक ९ च्या बेस प्लेटजवळ जुन्या रंगाचा एक फुगा चाकूने उघडला. आत दोन थेंब पाणी निघाले आणि त्याखालचे पोलाद तपकिरी नव्हे, तर काळे होते. तपकिरी गंजाला मोकळा प्राणवायू मिळालेला असतो. रंगाखाली कोंडलेल्या जागेत तो कमी पडतो आणि तिथे असे काळे, ओलसर लोहक्षार साठतात. तो फुगा ज्या खड्ड्यावर होता त्याची खोली मोजली, ती १.४ मिलिमीटर भरली. संरचना अभियंत्यांना या पाचही खांबांची उरलेली जाडी मोजून घेण्यास कळवले आहे. झिजलेल्या पोलादाची ताकद लेपाने परत येत नाही, त्यामुळे त्यांचे उत्तर येईपर्यंत या खांबांवर ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कठीण कण, म्हणजे ग्रिट, मारून केलेली सफाई) सुरू करायचे नाही.

७ नोव्हेंबर

कार्यशाळेत नव्या तुळया पाहिल्या. वेल्डिंग चांगले आहे, पण रंगकामासाठी तयार नाही. आयएसओ ८५०१-३ प्रमाणे पी ३ दर्जा (रंगापूर्वी वेल्ड आणि कडा तयार करण्याचा सर्वांत कडक दर्जा) मागितलेला असताना वेल्डच्या दोन्ही बाजूंना शिंतोडे तसेच राहिले आहेत, दोन ठिकाणी अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) आहे आणि गॅसने कापलेल्या कडा धारदार आहेत. पी ३ मध्ये कडेची गोलाई निदान २ मिलिमीटर त्रिज्येची लागते. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरतो आणि कडेवर त्याची जाडी सपाट भागापेक्षा बरीच कमी भरते. पुढे गंजाची पहिली रेघ तिथेच उमटते.

गॅसने कापलेल्या कडांचा आणखी एक त्रास आहे. कापताना ती पट्टी तापून एकदम निवते आणि कठीण होते, त्यामुळे ब्लास्टिंगचा ग्रिट तिथे हवा तसा खडबडीतपणा उठवू शकत नाही. म्हणून ग्राइंडिंग ब्लास्टिंगच्या आधी करायचे, नंतर नाही. फोरमनचे म्हणणे होते की, एकदा ब्लास्ट करून घेऊ, मग दोष नीट दिसतील, तेवढेच घासू. हे म्हणणे अगदी टाकाऊ नाही, कारण ब्लास्टिंगनंतर लपलेले दोष खरोखरच उघडे पडतात; परंतु असे नंतर घासलेले प्रत्येक ठिकाण पुन्हा ब्लास्ट करावेच लागते. आधी ग्राइंडिंग, मग ब्लास्टिंग, नवीन दोष निघाल्यास ते घासून तेवढाच भाग पुन्हा ब्लास्ट करणे, असा क्रम ठरला.

१० नोव्हेंबर

ब्लास्टिंगसाठीच्या गार्नेटची (कठीण खनिज-कणांची) पहिली खेप आली. कागदपत्रे आयएसओ १११२६-१० ची आहेत. स्वच्छ बरणीत मूठभर गार्नेट आणि शुद्ध पाणी घालून हलवले आणि स्थिर होऊ दिले. पाण्यावर तेलाचा तवंग नाही. पाण्याची विद्युतवाहकता मर्यादेच्या बरीच आत आहे. कंप्रेसरच्या हवेची चाचणी पांढऱ्या टिपकागदावर केली: नोझल काढून हवेच्या झोतात साधारण अर्ध्या मीटरवर कागद एक मिनिट धरला. पहिल्या कागदावर पिवळसर ठिपके आले. सेपरेटरमधले पाणी काढून, फिल्टर बदलून पुन्हा केले, तेव्हा कागद कोरडा आणि कोरा राहिला. दोन्ही कागद तारीख घालून फाइलला लावले आहेत.

११ नोव्हेंबर

कार्यशाळेत पहिल्या सहा तुळयांचे ब्लास्टिंग झाले. मागितलेला सफाईचा दर्जा आयएसओ ८५०१-१ मधला एसए २½ आहे, ज्याला इथे सगळे 'एसए अडीच' म्हणतात. चार तुळया निर्विवाद आहेत. दोन तुळयांच्या वेबवर (मधल्या उभ्या पट्टीवर) फ्लँजच्या (वरखालच्या आडव्या पट्टीच्या) कोपऱ्यालगत करड्या छटेचे लांबट पट्टे दिसतात, आणि त्यांवरून आज जवळजवळ तासभर चर्चा झाली.

ठेकेदाराच्या पर्यवेक्षकांचे म्हणणे असे की, पाच टक्के डाग चालतात आणि हे त्यात बसतात. पाच टक्क्यांचा हा आकडा अमेरिकी एसएसपीसी एसपी १० या मानकातला आहे. तिथे पृष्ठभागाच्या ठरावीक लहान क्षेत्रफळामागे ही मर्यादा दिलेली आहे. आयएसओ ८५०१-१ मध्ये टक्केवारी नाहीच. त्यात शब्दांत वर्णन आहे आणि छायाचित्रे आहेत: तेल, वंगण, धूळ, मिल स्केल, गंज, रंग आणि परके पदार्थ निघून गेलेले असावेत आणि मागे उरलेल्या खुणा ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या रूपातल्या हलक्या डागांपुरत्या असाव्यात. ही चित्रांची पद्धत १९६७ च्या स्वीडिश मानकातून चालत आली आणि १९८८ मध्ये ती आयएसओमध्ये घेतली गेली. दोन्ही मानके व्यवहारात सारखीच मानली जातात हे खरे, पण करारात एक असताना वादात दुसऱ्याचा आधार घेता येत नाही.

प्रत्यक्षात वाद सोडवला तो चाकूच्या टोकाने. पट्ट्यावर चाकूचे टोक हलकेच फिरवले तेव्हा करडी खवली सुटून आली, म्हणजे तो डाग नसून शिल्लक राहिलेले मिल स्केलच होते. डाग सुटत नाही, पदार्थ सुटतो. पर्यवेक्षकांनी लगेच मान्य केले आणि दोन्ही तुळया पुन्हा ब्लास्टिंगला गेल्या. ब्लास्टर कोपऱ्यात नोझल नीट वळवू शकत नव्हता, एवढेच मूळ कारण होते. तुळई उलटी ठेवल्यावर ते काम दहा मिनिटांत झाले.

खडबडीतपणा आयएसओ ८५०३ च्या 'जी' (ग्रिटसाठीच्या) तुलनापट्टीवर मध्यम येतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडाच्या दरम्यान. शिवाय तीन ठिकाणी रेप्लिका टेप (खडबडीतपणाचा ठसा घेणारी पट्टी) घासून जाडी मोजली: १२८, १३४ आणि १२१ मायक्रॉन. त्यातून टेपच्या न दबणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मचे ५० वजा केले की ७८, ८४ आणि ७१ उरतात. ही वजाबाकी विसरून १२८ असाच आकडा अहवालात लिहिलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिलेला आहे, म्हणून नोंदीत टेपचे मूळ वाचन आणि वजाबाकीनंतरचा आकडा असे दोन्ही लिहावेत.

१४ नोव्हेंबर

संरचना अभियंत्यांचे उत्तर आले. खांब ९ आणि १० च्या पायथ्याशी जोडपट्ट्या वेल्ड करून घेतल्या, बाकी तीन खांबांची जाडी पुरेशी आहे. दुपारी खांब ९ चे ब्लास्टिंग झाले. संध्याकाळी साडेपाचला पाहिला तेव्हा तो वरपासून खालपर्यंत एकसारखा रुपेरी करडा होता आणि खड्ड्यांच्या तळापर्यंत ग्रिट पोचलेला दिसत होता. वारा वाढल्यामुळे प्रायमर आज मारला नाही. एका दृष्टीने हे बरेच झाले, ते उद्याच्या नोंदीवरून कळेल.

१५ नोव्हेंबर

सकाळी सव्वासातला मुकादमांनी स्वतःच येऊन सांगितले, "साहेब, नऊ नंबर फिरला." इथे ब्लास्ट केलेले पोलाद पुन्हा गंज धरू लागले की ते 'फिरले' असे म्हणतात.

जाऊन पाहिले. रात्रभराच्या दमट हवेने फिरलेले पोलाद सहसा सर्वत्र सारखे, फिकट पिवळसर दिसते. इथे तसे नव्हते. वरचे तीन मीटर जवळजवळ कालच्यासारखेच करडे होते. खालच्या दीड मीटरमध्ये मात्र गडद तपकिरी ठिपके उठले होते आणि भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एकेक खड्डा होता. काही खड्ड्यांच्या तळाशी ओलावा चमकत होता, जरी त्यांच्या भोवतालचे पोलाद बोटाला पूर्ण कोरडे लागत होते. बोटाने पुसून कोरडा केलेला एक खड्डा अर्ध्या तासाने पुन्हा ओला झाला.

त्या ओलाव्याचे उत्तर क्षारांत आहे. खड्ड्याच्या तळाशी लोहाचे क्लोराइड शिल्लक असेल, तर ते हवेतले पाणी स्वतःकडे ओढून घेते. त्या पाण्यात लोह विरघळते, त्याचा गंज होतो आणि क्लोराइड मोकळे होऊन पुन्हा नव्या लोहाला भिडते; म्हणजे तेवढाच क्षार तेच काम पुनःपुन्हा करत राहतो. कोरडे ब्लास्टिंग गंज काढते, क्षार मात्र पूर्ण काढत नाही. उलट ग्रिटच्या माऱ्याने धातूची कड खड्ड्याच्या तोंडावर दुमडून थोडा क्षार आतच गाडला जाऊ शकतो. काल संध्याकाळी हा खांब एसए २½ च्या चित्राशी तंतोतंत जुळत होता आणि तो दर्जा खोटाही नव्हता, कारण ते चित्र फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेपुरतेच बोलते.

पोटॅशियम फेरिसायनाइडचा परीक्षक कागद शुद्ध पाण्याने ओलसर करून खालच्या भागावर दाबला. उचलला तेव्हा त्यावर निळ्या ठिपक्यांचा नकाशा उमटलेला होता, आणि त्यातला एकेक ठिपका खाली पोलादावरच्या खड्ड्याशी बोट ठेवून जुळवता येत होता. हा कागद प्रमाण सांगत नाही, पण मुकादम आणि ब्लास्टर दोघांनाही त्याने जेवढे पटले तेवढे माझ्या कोणत्याही आकड्याने पटले नसते. कागद कोरडा करून फाइलला लावला.

पाचही 'डी' खांबांवरचे प्रायमरचे काम थांबवले आहे.

१६ नोव्हेंबर

ब्रेसल पद्धतीने क्षार मोजले. आयएसओ ८५०२-६ मध्ये पाणी घालून क्षार उतरवण्याची आणि ८५०२-९ मध्ये वाहकतेवरून त्याचे प्रमाण काढण्याची रीत आहे. १२५० चौरस मिलिमीटरचा चिकट कडेचा पॅच पोलादावर दाबून बसवायचा, सिरिंजने त्याच्या आत शुद्ध पाणी सोडायचे, ते पुन्हा ओढून घ्यायचे आणि सोडायचे, असे ठरलेल्या वेळा करून ते पाणी चंचुपात्रातल्या उरलेल्या पाण्यात मिसळायचे आणि वाहकता मोजायची. एकूण पाणी १५ मिलिलिटर असेल, तर वाहकतेतल्या प्रत्येक मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर वाढीमागे पृष्ठभागावर ६ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर क्षार धरले जातात. कोऱ्या पाण्याची, पॅच व सिरिंज धुऊन घेतलेली वाहकता आधी मोजून वजा करावी लागते; ती न केल्यास आपण खांबाऐवजी सिरिंजचेच क्षार मोजत बसतो.

खांब ९: वर फ्लँजवर वाढ ५, म्हणजे ३० मिलिग्रॅम. मध्ये वेबवर वाढ ९, म्हणजे ५४. पायथ्याशी खड्ड्यांच्या भागात वाढ २३, म्हणजे १३८. विनिर्देशातली मर्यादा ५० आहे. ही मर्यादा आयएसओ ८५०२ ने घातलेली नाही. ते मानक मोजायचे कसे एवढेच सांगते, किती चालेल हे ज्याच्या त्याच्या विनिर्देशाने ठरवायचे असते. जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांच्या लेपासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५० मिलिग्रॅमचीच मर्यादा घातलेली आहे आणि आमच्या विनिर्देशाने बहुधा तीच उचलली असावी.

१३८ हा आकडासुद्धा मी कमीच समजतो. पॅच एका लहान चौकटीची सरासरी देतो, क्षार मात्र त्या चौकटीतल्या मोजक्या खड्ड्यांत एकवटलेले असतात; शिवाय पाणी खड्ड्याच्या तळापर्यंत पूर्ण पोचतेच असे नाही. फार खडबडीत जागी तर पॅचची कड नीट बसत नाही आणि पाणी झिरपते. आज दोन पॅच असेच वाया गेले.

१८ नोव्हेंबर

ठरलेली उपाययोजना अशी: खड्डे असलेला भाग गोड्या पाण्याच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याने धुवायचा, वाळू द्यायचा, एक रात्र मुद्दाम तसाच ठेवायचा, म्हणजे उरलेले क्षार स्वतःच गंज धरून आपली जागा दाखवतील, मग पुन्हा धुवायचे आणि शेवटी कोरडे ब्लास्टिंग करायचे. धुण्याच्या पाण्याची वाहकताही मोजली, कारण खाऱ्या पाण्याने क्षार धुणे हा निव्वळ विनोद ठरला असता.

ठेकेदारांना या फेरीचे दिवस वाढवून हवे आहेत. मागणी रास्त आहे. निविदेत क्षारांची मर्यादा होती, पण खांबांची मूळ अवस्था 'डी' असल्याचे कोठेही लिहिलेले नव्हते. ब्लास्टिंगचा दर सांगणाऱ्याला पोलादाची मूळ अवस्था माहीत असणे आवश्यक आहे. मी तसे शिफारसपत्र दिले.

२० नोव्हेंबर

पहिल्या धुण्यानंतर खांब ९ च्या पायथ्याशी वाढ ११, म्हणजे ६६ मिलिग्रॅम. दुसऱ्या धुण्यानंतर ६, म्हणजे ३६. खांब ३, ४ आणि ११ एकाच धुण्यात ५० च्या आत आले. खांब १० ला तीन वेळा धुवावे लागले.

२२ नोव्हेंबर

आज प्रायमर. सकाळी साडेआठला हवा २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के आणि त्यावरून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते ते) २३.२ अंश. ८५ टक्क्यांच्या आत आर्द्रता असल्यामुळे रंगारी पंप लावून तयार होते. परंतु नियम हवेचा नसून पोलादाचा आहे: पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवे. संपर्क तापमापकाने खांबाचा उन्हातला फ्लँज ३० अंश दाखवत होता. सावलीतल्या बेस प्लेटचे तापमान मात्र २५.४ अंश होते, कारण ४० मिलिमीटर जाडीची ती प्लेट रात्रीचा गारवा धरून बसलेली होती. फरक २.२ अंशच. पावणेअकराला बेस प्लेट २८ अंशांवर गेली आणि हवेचा दवबिंदू जवळपास सकाळइतकाच राहिला, तेव्हा परवानगी दिली. मधल्या वेळात खांब ९ आणि १० वर हलका ब्लास्ट पुन्हा फिरवून घेतला.

प्रायमरच्या आधी धुळीची चाचणी आयएसओ ८५०२-३ प्रमाणे टेप दाबून केली. खांबांवर दर्जा २, पण वरच्या आडव्या जोडपट्ट्यांवर ४ आला. कोरड्या हवेने आणि व्हॅक्यूमने पुन्हा सफाई.

प्रायमर फवारताना डब्यातले ढवळणारे यंत्र एकदा बंद पडलेले आढळले. जस्त जड असते आणि मिनिटांत तळाशी बसते. अशा वेळी वरून ओढलेला रंग दिसायला तसाच दिसतो, पण त्यात जस्त कमी असते. तेवढ्या वेळात फवारलेला भाग खडूने आखून घेतला आणि तो ओला असतानाच पुसून काढायला लावला.

२४ नोव्हेंबर

कोरड्या थराची जाडी आयएसओ १९८४० प्रमाणे मोजली. प्रत्येक खांबाचे क्षेत्रफळ साधारण ८ चौरस मीटर असल्यामुळे खांबामागे १५ वाचने. गेज गुळगुळीत पट्टीवर जुळवलेले असल्यामुळे मध्यम खडबडीतपणासाठी प्रत्येक वाचनातून २५ मायक्रॉन वजा केले. ही वजाबाकी ठेकेदारांना नेहमीच खटकते, परंतु तिच्यामागचे कारण सरळ आहे: चुंबकीय गेज शिखरे आणि दऱ्या यांच्या मधल्या कुठल्यातरी काल्पनिक पातळीपासून मोजते, लेपाने पोलाद वाचवायचे असते ते मात्र शिखरांच्या वर.

खांब ११ ची सरासरी ७१ मायक्रॉन आली, म्हणजे ६० पेक्षा चांगली जास्त. तरीही तो नापास केला. मानकाप्रमाणे एकही वाचन मागितलेल्या जाडीच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे इथे ४८ खाली असता कामा नये आणि ४८ ते ६० च्या दरम्यानची वाचने एकूण वाचनांच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असावीत. १५ मध्ये जास्तीत जास्त दोन चालली असती. इथे चार निघाली, आणि चारही फ्लँजच्या मागच्या, हात न पोचणाऱ्या बाजूला. उलट वेब आणि फ्लँजच्या आतल्या कोपऱ्यात २१० मायक्रॉन भरले, कारण फवारा तिथे दोन्ही बाजूंनी पडतो. मागितलेल्या जाडीच्या तिपटीपलीकडे जाऊ नये अशी आयएसओ १२९४४-५ ची सूचना आहे. सरासरी चांगली येण्याचे श्रेय या कोपऱ्याचे होते. मागची बाजू भरून घेतली, कोपरा घासून पुन्हा मारला.

२८ नोव्हेंबर

मधला थर. त्याआधी सर्व कडा, वेल्ड, बोल्टची डोकी आणि जोडपट्ट्यांच्या मागच्या बाजू गोल ब्रशने हाताने भरल्या; याला स्ट्राइप कोट म्हणतात. तो फवाऱ्याने केला तर चालेल का, असे विचारण्यात आले. नाही, कारण ब्रशचे केसच बोल्टच्या सांध्यात रंग दाबून बसवतात, आणि वेल्डच्या बारीक छिद्रांवर फवारा केवळ पूल बांधतो.

रंगातले घन पदार्थ आकारमानाने ८० टक्के आहेत. १४० मायक्रॉन कोरड्या थरासाठी ओला थर १७५ लागला असता. ५ टक्के थिनर घातल्यामुळे तो १८४ झाला. रंगाऱ्यांच्या कंगवा-गेजवर (ओल्या थराची जाडी मोजणाऱ्या दातेरी पट्टीवर) या आकड्याशी खूण करून दिली.

४ डिसेंबर

वरच्या थराचे दोन दिवस वाया गेले. सायंकाळी पाचला हवा २२ अंश, आर्द्रता ८८ टक्के, दवबिंदू १९.९ आणि पोलाद २१.५. पॉलियुरेथेनचा कठीणक पाण्याशी प्रक्रिया करतो आणि वायू सोडतो. दव पडल्यास बारीक फुगे येतात किंवा चकाकी जाऊन पृष्ठभाग दुधाळ होतो. काम फक्त सकाळी अकरा ते तीन या वेळात करायचे ठरले. तुळयांचे काम कार्यशाळेत झालेले असल्यामुळे तिकडे हा प्रश्नच आला नाही; वाहतुकीत ओरखडे पडलेल्या १७ ठिकाणांची दुरुस्ती मात्र खांबांबरोबरच होईल.

१४ डिसेंबर

चिकटण्याची चाचणी आयएसओ ४६२४ प्रमाणे केली. २० मिलिमीटर व्यासाच्या चार डॉल्या (लेप ओढून पाहण्यासाठीच्या धातूच्या चकत्या) काल चिकटवल्या होत्या, त्या आज ओढल्या. मर्यादा ५ मेगापास्कल. ९.४, ८.१ आणि ११.२ ही तीन वाचने मधल्या थराच्या आतच तुटली, म्हणजे प्रायमर पोलादाला घट्ट आहे. चौथी डॉली ६.८ ला सुटली, पण ती गोंदातून सुटली. तेव्हा त्या वाचनाचा अर्थ लेपाची ताकद ६.८ आहे असा नसून ६.८ पेक्षा कमी नाही एवढाच होतो. अहवालात आकड्याशेजारी तुटण्याची जागा लिहिली आहे.

चारही जागा घासून तिन्ही थरांनी भरल्या.

खांब ९ आणि खांब १ यांवर प्रत्येकी एक संदर्भ-क्षेत्र आखून त्याच्या कडेला कायमची खूण केली आहे. खांब १ हा 'सी' अवस्थेतून आलेला, एकदाच ब्लास्ट झालेला आहे. खांब ९ ची सगळी कहाणी वर आलीच आहे. दोन्हींची क्षारांची वाचने, खडबडीतपणा, हवामान, प्रत्येक थराची जाडी आणि रंगाच्या डब्यांचे बॅच क्रमांक दोन स्वतंत्र तक्त्यांत भरून ठेवले. पुढील पाहणी बारा महिन्यांनी. त्या वेळी खांब ९ च्या बेस प्लेटपासून ३०० मिलिमीटरपर्यंतचा भाग भिंगातून पाहावा, कारण फुगा येणारच असेल तर तो तिथे आधी येईल.